कोळशाची रंगणी

निळीच्या हौदातून सुताची लडी वर काढली की ती निळी नसते. हिरवट-पिवळ्या पाण्यातून ती तशीच हिरवट, निथळत बाहेर येते, पिळली जाते, झटकली जाते, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी हौदात हायड्रोज घालतात. हायड्रोज निळीच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतो. इलेक्ट्रॉन मिळालेली नीळ सोड्याच्या पाण्यात विरघळते आणि धाग्यात शिरते. बाहेर आल्यावर हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि नीळ धाग्याच्या आतच अडकून बसते. इलेक्ट्रॉनची देवघेव इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

मात्र कोरं सूत थेट हौदात टाकलं तर रंग धड बसत नाही, डाग पडतात. कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो आणि पाणी त्यावरून घरंगळतं. म्हणून सूत आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं, स्वच्छ धुवायचं आणि मगच रंगाला लावायचं. सोलापुरात १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरी चादरीला नाव मिळवून दिलं. धागा तयार केल्याशिवाय रंग धरत नाही, हे या शहराच्या हातांना केव्हापासून ठाऊक आहे.

रसायनशास्त्रज्ञांना हीच गोष्ट कोळशाच्या बाबतीत उमगली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कार्बनच्या इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग बदलून त्याची संवेदनशीलता वाढवायची, ही आज विद्युत-रसायनशास्त्रातली मोठी शाखा आहे. तिच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं महाराष्ट्रात, कुलाबा, पवई आणि कलिना इथे लिहिली गेली. त्यातला एक धागा सोलापूरच्या अशोक चौकापर्यंत येतो.

कोळशाने वीज वाहून न्यायचं काम फार आधीपासून केलं आहे. १८४१ साली रॉबर्ट बुन्सेनने ग्रोव्हच्या विद्युतघटातला महागडा प्लॅटिनम काढून त्या जागी कार्बन बसवला. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशेने कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइडचा घट बनवला, आणि त्याचाच कोरडा वंशज म्हणजे टॉर्चचा सेल. संपलेला सेल फोडून मधली काळी कांडी काढायची आणि तिने फरशीवर रेघोट्या ओढायच्या, हा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा खेळ. शाळेत पाण्याचं विघटन करून दाखवायलाही हीच कांडी कामी येते. ती स्वस्त असते, गंजत नाही आणि तिच्यातून वीज वाहते. पण या सगळ्या कामांत कोळसा नुसता वाट देतो. समोरच्या द्रावणात काय आहे आणि किती आहे, हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

ती जबाबदारी आधी पाऱ्याकडे होती. प्रागमध्ये १९२२ साली यारोस्लाव्ह हेरॉव्स्कीने बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब द्रावणात पडू दिले, विजेचा दाब हळूहळू वाढवत नेला आणि करंट मोजला. प्रत्येक पदार्थ ठरावीक दाबाला इलेक्ट्रॉन घेतो, तिथे करंट एकदम चढतो आणि चढ किती उंच यावरून पदार्थाचं प्रमाण कळतं. या पोलॅरोग्राफीला १९५९ साली नोबेल मिळालं. पाऱ्याची खरी ताकद होती त्याच्या ताजेपणात, कारण दर थेंबाला पृष्ठभाग नवा असायचा. अडचण अशी की धन दाब द्यायला लागलं की पारा स्वतःच इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतो. म्हणजे जे पदार्थ इलेक्ट्रॉन देतात, ज्यांचं ऑक्सिडीकरण होतं, ते पाऱ्यावर मोजता येत नाहीत. मेंदूतली संदेशवाहक रसायनं, औषधं, जीवनसत्त्वं यांतले कितीतरी पदार्थ याच गटात मोडतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्सना यावर तोडगा हवा होता. कोळशाची पूड एखाद्या द्रवात कालवून तिचेही पाऱ्यासारखे थेंब पाडता आले तर दर वेळी ताजा पृष्ठभाग मिळेल, असा त्यांचा विचार होता. तो साधला नाही. पण पूड जास्त आणि द्रव कमी घेतल्यावर जो घट्ट लगदा झाला, तो नळीत ठासून भरला तर उत्तम इलेक्ट्रोड होतो, हे लक्षात आलं. १९५८ साली अ‍ॅडम्सनी छोट्याशा टिपणात कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड जगापुढे ठेवला.

हा इलेक्ट्रोड आजही जवळपास तसाच बनतो. खलात ग्रॅफाइटची मऊ पूड घ्यायची, साधारण सत्तर भाग पुडीला तीस भाग पॅराफिन तेल घालायचं आणि घोटत राहायचं. आधी गुठळ्या होतात, मग मिश्रण एकजीव होऊन खलाला सोडू लागतं. ते काही मिलिमीटर व्यासाच्या नळीत दाबून भरायचं, मागून तांब्याची तार खुपसायची आणि पुढचं तोंड गुळगुळीत कागदावर गोल गोल घासायचं. काळा भाग आरशासारखा चमकला की झालं. पृष्ठभाग खराब झाला तर मागून किंचित रेटायचं, पुढे आलेला थर पुसून टाकायचा आणि पुन्हा कागदावर घासायचं. पाऱ्याच्या थेंबाचा ताजेपणा अ‍ॅडम्सनी असा वेगळ्या वाटेने मिळवला.

लगद्याचा आणखी एक गुण म्हणजे त्यात काहीही मिसळता येतं. अ‍ॅडम्सचेच विद्यार्थी थिओडोर कुवाना यांनी १९६४ साली एका सहकाऱ्याबरोबर पेस्टमध्ये फेरोसीन हा नारिंगी, लोहयुक्त पदार्थ विरघळवून पाहिला. हेतू वेगळा होता, पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करायचा होता. पण दार तिथेच उघडलं. सत्तरच्या दशकात अमेरिकी प्रयोगशाळांमध्ये हे हेतुपुरस्सर होऊ लागलं, आणि १९७५-७६ च्या सुमारास ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर हवे ते रेणू रासायनिक बंधाने बांधले जाऊ लागले. 'केमिकली मॉडिफाइड इलेक्ट्रोड' हा शब्द रुळला तो तेव्हापासून.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तम उदाहरण अ‍ॅडम्सच्याच कामात सापडतं. त्यांना मेंदूतलं डोपामिन हे संदेशवाहक रसायन मोजायचं होतं, आणि १९७३ साली त्यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून मोजणी सुरू केली. अडसर आला तो क जीवनसत्त्वाचा. साध्या कार्बनवर डोपामिन आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल जवळजवळ एकाच दाबाला इलेक्ट्रॉन देतात, आणि मेंदूतल्या द्रवात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल डोपामिनच्या हजारो पट असतं. त्या गलक्यात डोपामिनचा आवाज ऐकू येणार कसा? १९८४ साली अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोडवर नॅफिऑन या बहुवारिकाचा पातळ लेप दिला. नॅफिऑनवर ऋण भार असतो. शरीरातल्या द्रवात अ‍ॅस्कॉर्बिक आम्लही ऋण भाराचं असल्याने ते दूर लोटलं जातं, तर धन भाराचं डोपामिन आत ओढलं जातं. कोळसा तोच, त्यावर एक पापुद्रा आला आणि इलेक्ट्रोडला निवड करता येऊ लागली.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आणखी एक काम झालं, ज्याचं फळ आज घराघरांत दिसतं. रक्तातली साखर ओळखणारं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना लेलँड क्लार्कने १९६२ सालीच मांडली होती. पण विकराचे इलेक्ट्रॉन कार्बनपर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न शिल्लक होता. १९८४ साली क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ग्रॅफाइटवर फेरोसीनचा एक प्रकार लावला आणि तो विकराकडून इलेक्ट्रॉन घेऊन कार्बनला देऊ लागला. तोच नारिंगी फेरोसीन, जो कुवानाने वीस वर्षांपूर्वी पेस्टमध्ये घातला होता. १९८७ साली पेनाच्या आकाराचा ग्लुकोजमीटर बाजारात आला. त्यानंतरच्या पट्ट्यांवर कार्बनची शाई स्क्रीन प्रिंटिंगने उमटवली जाऊ लागली. कापडावर नक्षी छापायला जी जाळीची चौकट आणि रबराची पट्टी वापरतात, त्याच पद्धतीने. सकाळी बोटाला टोचून पट्टीच्या कडेला रक्ताचा थेंब लावणाऱ्या माणसाला आपण छापील, रंगवलेला कोळसा हाताळतो आहोत याची कल्पनाही नसते.

आता कुलाबा. नेव्ही नगरच्या टोकाला, समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे के. एस. व्ही. संथानम यांच्या विद्युत-रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक नवा पदार्थ पोचला होता. जपानच्या सुमिओ इजिमांनी १९९१ साली जगापुढे आणलेल्या कार्बनच्या नॅनोनलिका. ग्रॅफाइटची चादर गुंडाळून केलेली, केसापेक्षा हजारो पट बारीक पुंगळी, अशी तिची कल्पना करता येईल. तेव्हा या नलिका मुख्यतः दोन ग्रॅफाइट कांड्यांमध्ये विजेचा आर्क पाडून मिळवत. जुन्या थिएटरांतल्या प्रोजेक्टरमध्ये ऑपरेटर दोन 'कार्बन' जुळवून जो झगझगीत झोत पाडायचा, त्याच जातीचा हा आर्क. तेव्हा बहुतेकांना नलिकांच्या मजबुतीत आणि वीज वाहण्याच्या गुणात रस होता. संथानम, पी. जे. ब्रिटो आणि पुलिकेल अजयन यांनी त्या ब्रोमोफॉर्ममध्ये कालवल्या, काचेच्या नळीत भरल्या आणि त्यांचा इलेक्ट्रोड केला. समोर ठेवलं डोपामिन.

१९९६ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डोपामिनने या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन सहज दिले आणि परतीच्या फेरीत तितक्याच सहजतेने घेतले. साध्या कार्बनवर ही देवघेव अडखळत होते, इथे ती जवळपास आदर्श रीतीने झाली. कार्बन नॅनोनलिकेचा इलेक्ट्रोड म्हणून केलेला हा जगातला पहिला वापर मानला जातो. नंतरच्या काळात नॅनोनलिका लावलेल्या इलेक्ट्रोडांवर जगभर हजारो निबंध निघाले. त्यांची सुरुवात मुंबईत झाली, हे मराठी वाचकापर्यंत फारसं पोचलं नाही. ते पोचायला हवं होतं.

जवळपास त्याच सुमारास पवईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन वेगळ्या बाजूने कार्बनकडे पाहत होते. नॅनोकार्बन बनवायला जगभर मिथेन, अ‍ॅसिटिलीन, बेंझीन असे खनिज तेलातून येणारे पदार्थ वापरले जात. शेरॉननी कापूर घेतला. कापूर सहज वाफ होतो, त्याच्या रेणूत कार्बनचं प्रमाण भरपूर असतं आणि तो कुठल्याही वाण्याच्या दुकानात मिळतो. आरतीच्या ताटात कापराची वडी पेटवली की वर काळा धूर जातो आणि ताटाला काजळी धरते. त्या काजळीत काय दडलं आहे, हा प्रश्न एका रसायनशास्त्रज्ञाने गंभीरपणे विचारला. १९९८ साली त्यांच्या गटाने कापरापासून मिळवलेल्या स्पंजासारख्या सच्छिद्र कार्बन मण्यांचा निबंध प्रसिद्ध केला. सहलेखकांत नॅनोनलिकांचे जनक इजिमा स्वतः होते. पुढे रॉकेल झालं, टर्पेंटाइन झालं, मग झाडांच्या बिया आणि धागे: रिठ्याच्या बिया, फणसाच्या आठळ्या, खजुराच्या बिया, नारळाचा काथ्या, चहाची पानं. वनस्पतीच्या देहात पाणी आणि अन्न वाहणाऱ्या वाहिन्यांचं जाळं असतं. हवा न लागू देता ती जाळली की जाळ्याचा साचा कार्बनमध्ये तसाच राहतो, आणि इलेक्ट्रोडला हव्या त्या भोकाभोकांच्या पृष्ठभागाचा बराचसा भाग निसर्गानेच तयार करून दिलेला असतो.

आयआयटीनंतर शेरॉन आणि त्यांच्या सहकारी, वनस्पतिशास्त्राकडून नॅनोविज्ञानाकडे वळलेल्या डॉ. माधुरी शेरॉन, यांचं काम सोलापुरात आलं. अशोक चौकातल्या वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयाच्या आवारात नॅनोतंत्रज्ञान आणि जैवनॅनोतंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. वनस्पतींपासून मिळवलेल्या कार्बनची नॅनोरूपं हा तिथल्या कामाचा एक मुख्य विषय होता. चादरींच्या आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात काथ्या, चिपाडं, बिया यांना तोटा नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांशेजारी हा कोळसा भाजला गेला, त्याची छिद्रं मोजली गेली. सोलापूरच्या आधुनिक इतिहासात गिरण्यांच्या भोंग्याइतकीच या भट्टीचीही नोंद व्हावी, इतकं ते मोलाचं आहे.

कापराचा धागा सोलापुरात आणखी एका ठिकाणी सापडतो. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठात प्रा. व्ही. बी. पाटील यांच्या प्रयोगशाळेने पॉलिपायरोलसारख्या वीजवाहक बहुवारिकांचे वायुसंवेदक बनवले. हे काटेकोर अर्थाने कार्बन इलेक्ट्रोड नाहीत, पण पृष्ठभागावर हवी ती रसायनं बसवून संवेदना वाढवायची कल्पना तीच आहे. २०१४ सालच्या त्यांच्या एका निबंधात पॉलिपायरोल आणि लोहाच्या ऑक्साइडच्या मिश्रणात कापरापासून बनणारं कॅम्फर सल्फॉनिक आम्ल घातलेलं आहे. वाहनांच्या धुरातून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड लागला की या थराचा विद्युतरोध बदलतो आणि वायूची चाहूल लागते.

मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या रसायनशास्त्र विभागात प्रा. अश्विनी कुमार श्रीवास्तव यांच्या गटाने कार्बन पेस्टला औषधांच्या तपासणीला जुंपलं. २०१० सालच्या त्यांच्या एका निबंधात पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि कॅफिन ही तीन औषधं एकाच वेळी, एकाच इलेक्ट्रोडवर मोजलेली आहेत. डोकेदुखीच्या गोळीत ही त्रयी अनेकदा एकत्र असते. इलेक्ट्रोड नॅनोनलिकांच्या पेस्टचा, आणि मोजणीच्या द्रावणात साबणाच्या जातीचा एक पदार्थ. तो पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि तेलकट पेस्टला पाण्यातल्या रेणूंशी जवळीक करू देतो. डाईंगवाला सूत भिजवताना जो वेटिंग एजंट घालतो, तोही याच कुळातला.

संवेदनशीलता म्हणजे नेमकं काय, हे इथे स्पष्ट करायला हवं. पदार्थाचं प्रमाण थोडं वाढल्यावर करंट किती वाढतो, ती संवेदनशीलता. पण कमीत कमी किती पदार्थ ओळखता येईल, हे कोऱ्या द्रावणातला करंट किती हेलकावे खातो यावरही ठरतं. पृष्ठभाग खरबरीत केला, सच्छिद्र केला की पदार्थाचा करंट वाढतो आणि त्याबरोबर पार्श्वभूमीचा करंटही वाढतो. पृष्ठफळ दुप्पट करून करंट दुप्पट झाला तर त्यात नवं काही घडलेलं नाही. निबंधांच्या ढिगाऱ्यात हा फरक पुष्कळदा नीट सांगितलेला नसतो.

अशा निबंधांतल्या दाव्यांबद्दल शंका घेणं वाजवी होतं, हे दोनदा ठळकपणे दिसलं. २००६ साली ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवलं की काही नॅनोनलिकांनी दाखवलेल्या करामतीचं श्रेय नलिकांना जातच नाही. त्या बनवताना वापरलेल्या धातूंचे आत राहिलेले कण ते काम करत होते. २०२० साली मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनवर, म्हणजे ग्रॅफाइटच्या सुट्या, पातळ चादरीवर, पक्ष्यांच्या विष्ठेची प्रक्रिया केली आणि त्याचीही उत्प्रेरक क्षमता वाढल्याचं दाखवलं. मुद्दा गंभीर होता: काहीही लावलं की थोडीफार सुधारणा दिसते, म्हणून दर नव्या लेपाचा निबंध काढण्याआधी तो लेप का लावला याचं उत्तर हवं. नॅफिऑन असो की फेरोसीन, टिकलेल्या प्रत्येक बदलामागे हे उत्तर होतं.

ज्या इलेक्ट्रोडला नलिका नाहीत, लेप नाही, त्यालाही तयार करावंच लागतं. काचेसारखा कठीण, काळा, तीन मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बनचा ठिपका प्रत्येक प्रयोगाआधी घासला जातो. मऊ कापडाच्या गादीवर अ‍ॅल्युमिनाची पांढरी पूड पाण्यात कालवून पसरतात, आधी १ मायक्रॉनची, मग ०.३ ची, शेवटी ०.०५ ची. इलेक्ट्रोड सरळ उभा धरून गादीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवतात, म्हणजे झीज एकाच बाजूला होत नाही. मग पाण्याने धुवून पोटॅशियम फेरिसायनाइडच्या पिवळसर द्रावणात बुडवायचा आणि दाब वर-खाली फिरवायचा. पडद्यावर दोन शिखरं उमटतात, एक जाताना, एक येताना. सिद्धान्ताप्रमाणे त्यांच्यातलं अंतर ५९ मिलिव्होल्ट हवं. सत्तरच्या आसपास आलं तरी विद्यार्थी समाधानाने वही उघडतो. शंभराच्या वर गेलं की ठिपका पुन्हा गादीवर येतो आणि अ‍ॅल्युमिनाच्या बाटलीचं झाकण परत निघतं.